पाखराचा घास, छायाचित्रकाराचा उपास

दुसऱ्याच्या ताटात डोकावू नये, जेवणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून पाहू नये आणि कोणाचे घास मोजू नयेत, हे नियम मराठी घरांत मुलांना अक्षरओळखीच्याही आधी शिकवले जातात. ते मोडल्यास जेवणाऱ्याला दृष्ट लागते आणि पाहणाऱ्याच्या पाठीत धपाटा बसतो, अशी दुहेरी तरतूदही परंपरेने करून ठेवलेली आहे. असे असूनही याच घरांत वाढलेला एक वर्ग चाळिशीच्या आसपास, घरच्यांना खरी किंमत न सांगता, हातभर लांबीची लेन्स विकत घेतो, पहाटेचा गजर लावतो आणि चिमणीएवढा पक्षी नाकतोडा कसा गिळतो हे पाहण्यासाठी भाताच्या बांधावर पालथा पडून राहतो. या खटाटोपातून जे चित्र हाती यावे अशी अपेक्षा असते, त्यास सोयीसाठी येथे ‘घासचित्र’ म्हटले आहे. घासचित्र म्हणजे ज्यात पक्ष्याच्या चोचीतला कीटक स्पष्ट ओळखू येतो, पक्ष्याच्या डोळ्यात प्रकाशाचा ठिपका चमकतो आणि मागे विजेचा खांब येत नाही असे छायाचित्र. यांपैकी कोणत्याही दोन अटी पुरवणारी चित्रे विपुल आहेत. तिन्ही पुरवणारी चित्रे बहुधा दुसऱ्याची असतात.

नुसत्या बसलेल्या पक्ष्याला हल्ली कोणी विचारत नाही, हे या छंदामागचे मुख्य कारण होय. फांदीवर बसलेला खंड्या प्रत्येकाच्या संग्रहात असल्यामुळे तो दाखवणाऱ्याकडे मंडळी, लग्नाचा अल्बम पुढे करणाऱ्या यजमानाकडे पाहावे तशी पाहतात. याउलट त्याच खंड्याच्या चोचीत एखादा टोळ तडफडत असेल, तर चित्र ‘वर्तनदर्शक’ ठरते, म्हणजे त्यातून पक्ष्याचे काही वागणे कळते असे मानले जाते, आणि ‘वा, काय क्षण टिपलाय!’ असे म्हणण्यास लोक नैतिकदृष्ट्या बांधील होतात.

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिणेकडील आजरा तालुका या कार्यास विशेष अनुकूल आहे. पश्चिमेस आंबोलीच्या बाजूची ओली, दाट झाडी, पूर्वेस गडहिंग्लजकडे मोकळा होत जाणारा मुलूख आणि मध्ये हिरण्यकेशीच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरे, उसाचे फड व काजूच्या बागा, अशी येथील रचना असल्याने कीटकांची ददात नाही. आजरा घनसाळ या सुवासिक तांदळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे ते नाव याच भागात पिकलेल्या तांदळाला लावता यावे अशी कायदेशीर नोंद झाली. त्या खाचरांतील नाकतोडे, तुडतुडे आणि चतुर यांना असे काही मानांकन नसले, तरी त्यांचा खप त्याच परिसरात आणि अधिक वेगाने होतो. बाहेरगावचे छायाचित्रकार मात्र आंबोलीच्या बेडकांच्या आणि सापांच्या ओढीने आजऱ्यातून पुढे निघून जातात. चहापुरते थांबतात तेव्हा टपरीमागच्या तारेवर बसून कोतवाल त्यांच्याकडे पाठ करून निवांतपणे टोळ सोलत असतो.

कीटक खाणाऱ्या पक्ष्यांत वेडा राघू हा या मंडळींचा लाडका, आणि त्याचे कारण त्याच्या शिस्तीत आहे. हिरवा, लांब चोचीचा आणि शेपटीतून दोन बारीक पिसे बाहेर आलेला हा पक्षी उघड्या फांदीवर बसतो, उडत्या माशीवर झेप घेतो आणि बहुधा त्याच फांदीवर परततो. अशा ठरलेल्या जागेला पक्षिनिरीक्षक ‘बैठक’ म्हणतात. मधमाशी किंवा गांधीलमाशी पकडली असेल तर तो तिला फांदीवर आपटतो, तिचे शेपटाकडचे टोक फांदीवर घासून विष व नांगी काढून टाकतो आणि मग तिला हवेत किंचित उडवून गिळतो. माशीला वर उडवल्याचा तो क्षण हे घासचित्रकारांचे परमधाम आहे. पक्षी त्याच फांदीवर परततो ही गोष्ट पुस्तकात वाचून छायाचित्रकार त्या फांदीवर कॅमेरा रोखून बसतो. परंतु पुस्तक पक्ष्याने वाचलेले नसल्याने तो बरोब्बर त्याच दिवशी तीन हात पलीकडच्या फांदीचा स्वीकार करतो, आणि कॅमेरा तिकडे वळवताच मूळ फांदीवर परत येऊन पुस्तक खरे करतो.

हा योगायोग नसून पक्ष्याला सगळे कळत असावे, असा संशय छायाचित्रकारांना फार पूर्वीपासून होता. त्यास थोडासा शास्त्राधार पुण्याचे जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे व त्यांचे सहकारी यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने मिळाला. हे पक्षी मातीच्या दरडीत बीळ खोदून घरटे करतात. जवळ उभ्या असलेल्या माणसाला त्याच्या जागेवरून घरटे दिसत असेल तर ते आत शिरायला कचरतात, आणि तेवढ्याच अंतरावरच्या माणसाला ते दिसत नसेल तर तितके कचरत नाहीत, असे त्यात आढळले. म्हणजे समोरच्याला काय दिसते आणि काय दिसत नाही, याचा अंदाज वीस-एक ग्रॅम वजनाच्या या जिवाला असावा. अभ्यास घरट्यापुरता होता, घासाविषयी त्यात काही म्हटलेले नाही, हे खरे. तथापि ज्याने वेड्या राघूच्या पाठीची शेकडो सुस्पष्ट छायाचित्रे काढली आहेत, त्याला निष्कर्षाची व्याप्ती आपल्या जबाबदारीवर वाढवण्याचा मोह आवरत नाही. प्रस्तुत लेखकाचे या विषयातील ज्ञानही बरेचसे पाठींच्या आणि रिकाम्या फांद्यांच्या अभ्यासावरच उभे असल्याने त्याच्याकडून तटस्थतेची अपेक्षा न केलेली बरी.

पक्ष्याचा घास आणि छायाचित्रकाराचा घास यांच्यात एक निश्चित नाते आहे. बांधावर पालथे पडून दोन-अडीच तास झाले, मुंग्यांनी कोपरापर्यंतचा प्रदेश ताब्यात घेतला, डोळा कॅमेऱ्याला चिकटून लाल झाला, तरी समोरचा राघू हलत नाही. त्याला जणू एकादशी असते. शेवटी भूक अनावर होऊन छायाचित्रकार हलक्या हाताने डबा उघडतो, भाकरीचा तुकडा मोडतो, त्याला खर्डा लावतो आणि तोंडाजवळ नेतो. याच क्षणी, थोडेही मागेपुढे न होता, राघू झेपावतो, चांगला बोटाएवढा चतुर घेऊन परततो आणि तो चवीचवीने, उजव्या बाजूने, डाव्या बाजूने, उन्हाकडे तोंड करून आपटू लागतो. भाकरी टाकून कॅमेरा उचलावा तर शटरच्या कळीवर खर्डा, डोळ्यात खर्डा, आणि समोर फांदी. यावर उपाय म्हणून काहींनी मुद्दाम, भूक नसताना, खोटाच घास तोंडाजवळ नेऊन पाहिला. परंतु पक्ष्याला खऱ्या-खोट्या घासातला फरकही कळतो असे दिसून आले.

पक्ष्यापासून लपण्यासाठी ‘लपण’ वापरतात. लपण म्हणजे छोटा तंबू, ठिपक्याठिपक्यांचे जाळे किंवा पालापाचोळ्याचा आडोसा, ज्यात माणूस दडून बसतो. इंग्लंडमधील रिचर्ड व चेरी कीअर्टन हे बंधू, वन्यजीव छायाचित्रणाचे आद्य आचार्य, यांनी १९००च्या सुमारास यासाठी चक्क बैलाचे पोकळ धूड तयार करून घेतले होते. माणूस बैलाच्या पोटात आणि कॅमेऱ्याचा डोळा बाहेर, अशी योजना होती. पक्षी फसत असत असे त्यांच्या चित्रांवरून दिसते. आजऱ्यात मात्र असा बैल चालण्याची शक्यता नाही, कारण पक्षी फसले तरी ‘बैल कुणाचा? मोकळा सोडलाय, भात खातोय’ अशी चौकशी पाच मिनिटांत सुरू होईल. साध्या जाळ्याचीही तीच गत होते. निर्जन समजून निवडलेल्या बांधावर जाळे पांघरून माणूस निजला की गावातली पहिली म्हैस येऊन ते हुंगते, तिच्यामागून कुत्रे येते, कुत्र्यामागून मुले येतात आणि मुलांमागून एक पोक्त गृहस्थ, ज्यांच्या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय पुढील निसर्गनिरीक्षण शक्य नसते.

या प्रश्नांचे दोन मुख्य प्रकार पडतात. पहिला तिपाईमुळे उद्भवतो. संकेश्वर-बांदा रस्त्याच्या रुंदीकरणाची आठवण ताजी असल्यामुळे तीन पायांवर उभे केलेले कोणतेही यंत्र म्हणजे जमिनीची मोजणी, असे समीकरण या भागात पक्के झालेले आहे.

“काय मोजालाय?”

“मोजत नाही हो, पाखरांचे फोटो काढतोय.”

“काढा की. खरं पाखरांचं नाव सांगून आमचा बांध सरकवू नका म्हंजे झालं.”

दुसरा प्रकार लेन्सच्या लांबीमुळे उद्भवतो. तालुक्यात रानटी हत्तींचा वावर असून ते ऊस, भात व केळी यांचे नुकसान करतात. त्यामुळे ठिपक्यांचे कपडे घातलेला आणि तोफेसारखे काही खांद्यावर घेतलेला माणूस वनखात्याकडून हत्तीमागे आला असणार, हे उघड असते. असा माणूस दिसताच नुकसानीच्या पंचनाम्याची मागणी होते, मोडलेली केळ दाखवण्यासाठी त्याला हाताला धरून नेले जाते, आणि आपण हत्तीसाठी नसून राघूसाठी आलो आहोत असे त्याने सांगितल्यावर समोरचा क्षणभर विचार करून विचारतो, “राघूनं खाल्ल्याचं पैसे मिळतात काय?”

चित्रात माणसाच्या वस्तीचा मागमूस नसावा, हा स्पर्धांच्या परीक्षकांनी रूढ केलेला संकेत आहे. पक्ष्यांना तो मान्य नाही. कोतवाल म्हशीच्या पाठीवर बसतो, कारण तिच्या पायांनी उठलेले किडे त्याला आयते मिळतात. गायबगळे नांगरामागे चालत आणि आता तेवढ्याच निष्ठेने ट्रॅक्टरमागे चालतात. नीलपंखाला विजेची तार सर्वांत सोयीची वाटते, कारण तिथून सगळे शेत दिसते. म्हणून छायाचित्रकार रानातून शेवाळलेली, वाकडी, ‘निसर्गसुंदर’ फांदी शोधून आणतो आणि ती शेताच्या मधोमध रोवतो. तिच्यावर पक्षी बसावा अशी अपेक्षा असते. पक्षी तिच्याकडे एकदा पाहतो आणि उडून लपणाच्या छपरावर, म्हणजे छायाचित्रकाराच्या डोक्यावर एक वीत अंतरावर बसून, तिथे भुंगा आपटू लागतो. आत बसलेल्याला आपटण्याचा ठक्ठक् आवाज ऐकू येतो, भुंग्याचे पंख अंगावर पडतात, आणि छायाचित्र सोडून घासाच्या सर्व पुराव्यांची प्राप्ती होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती फांदी जागेवर नसते. शेताच्या मालकिणीने तिच्यावर वालाचा वेल चढवलेला असतो आणि तो तिला शोभूनही दिसतो.

यंत्राच्या प्रगतीने हे सर्व सुटेल असा एक भाबडा समज आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे यांनी १८८२ साली बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला. तो सेकंदाला बारा चित्रे घेई आणि उडत्या पक्ष्यांच्या पंखांची हालचाल त्याने टिपली. आजचा कॅमेरा सेकंदाला वीस-तीस चित्रे सहज घेतो, पक्ष्याचा डोळा आपणहून शोधतो, आणि काही कॅमेऱ्यांत तर ‘पूर्वटिपण’ असते, म्हणजे कळ पूर्ण दाबण्याच्या आधीच्या अर्ध्या-एक सेकंदाची चित्रेही तो राखून ठेवतो. माणसाच्या चुकीबद्दल यंत्राने आगाऊ माफी मागून ठेवण्याचा हा प्रकार आहे. तरीही पक्षी झेपावतो तेव्हा कॅमेऱ्याला समोरच्या गवताच्या तुऱ्यात डोळा सापडलेला असतो. मारे यांच्यापासून आजवरच्या शतकाहून अधिक काळातील प्रगतीचा हिशेब मांडायचा झाल्यास, पूर्वी सेकंदाला बारा रिकाम्या फांद्या मिळत असत्या, त्या आता तीस मिळतात, असे म्हणावे लागेल. संध्याकाळी या फांद्या संगणकावर एकेक करून पाहाव्या लागतात, त्या वेळी पत्नी चहाचा कप ठेवताना पडद्याकडे पाहून “हीच फांदी मघाशीपण होती ना?” असे सहानुभूतीने विचारते, तेव्हा “ही वेगळी आहे, हिच्यात शेपूट आलंय” एवढेच उत्तर देता येते.

आमिष दाखवण्याचा एक आडमार्ग आहे. बाजारात विकत मिळणाऱ्या अळ्या फांदीच्या खाचेत लपवून ठेवायच्या आणि पक्षी आला की ‘नैसर्गिक शिकार’ म्हणून चित्र खपवायचे, ही रीत नामांकित स्पर्धांना मान्य नाही. घरट्यापाशी ठाण मांडून पिल्लांना भरवणाऱ्या आईबापांना टिपणेही जाणकार निषिद्ध मानतात, कारण त्यामुळे पक्षी घरटे सोडून जाण्याची भीती असते. आडमार्गाने गेलेल्यांना शिक्षा बहुधा जागेवरच मिळते. अळ्यांची वाटी बांधावर ठेवून मागे वळावे तोवर शेजारच्या घरची कोंबडी हजर होते, आणि त्या दिवसाचे एकमेव घासचित्र, पिसन्पीस रेखीव, डोळ्यात ठिपका, चोचीत अळी, मागे खांब नाही, असे कोंबडीचे निघते.

जूनच्या पहिल्या पावसानंतर जमिनीतून वाळवीचे पंखवाले थवे बाहेर पडतात, तेव्हा कोतवाल, साळुंक्या, बुलबुल, कावळे सगळेच पंगतीला बसतात. वर्षातली ही सर्वांत मोठी पंगत; परंतु ती काळोख्या ढगाखाली, धो धो पावसाच्या दोन सरींच्या मध्ये आणि कॅमेरा तीन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेला असताना बसते, त्यामुळे तिच्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही उपलब्ध नाही.

समजा, या सर्वांतून एखादे घासचित्र खरोखर साधले. पुढची अडचण मथळ्याची. पक्ष्याची जात, पोटजात, नर की मादी, हे सांगताना छायाचित्रकाराची जीभ अडखळत नाही. चोचीतल्या प्राण्याला मात्र तो ‘किडा’ म्हणतो, फारच झाले तर ‘मोठा किडा’. कीटकांच्या जाणकाराकडे चित्र पाठवावे तर उत्तर येते, “डोकं चोचीत, पंख तुटलेले, पोट वळलेलं. जिवंत असताना काढला असतात तर सांगितलं असतं.” बराच आग्रह केल्यावर तो चतुर असल्याचे ठरते, आणि मग जाणकाराला कंठ फुटतो. पावसाबरोबर थव्यांनी येणारा पिवळसर चतुर हिंदी महासागर ओलांडून मालदीवमार्गे पूर्व आफ्रिकेपर्यंत जात असावा, असे चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने २००९ साली मांडले होते. तो हाच असेल तर एवढ्या मोठ्या प्रवासाचा मानकरी आजरा तालुक्यातल्या चित्री धरणाच्या काठी, प्रवास सुरू होण्याआधीच, एवढ्याशा पक्षी-चोचीत संपला, याचे जाणकाराला मनापासून वाईट वाटते. पक्ष्याविषयी तो अवाक्षर काढत नाही.

आणि ज्याच्या बांधावर हे सारे घडले, तो शेतकरी चित्र पाहतो तेव्हा त्याला पक्षी दिसत नाही आणि चतुरही दिसत नाही. महागड्या लेन्सचे मुख्य वैशिष्ट्य असे की पक्षी तेवढा स्पष्ट येतो आणि मागचे सगळे विरघळून मऊ हिरवा धूसरपणा उरतो. या धूसरपणासाठीच लोक लाखांच्या घरात पैसे मोजतात आणि तो किती ‘लोण्यासारखा’ आला यावर तासन्‌तास बोलतात. शेतकरी मोबाइल हातात घेऊन, दोन बोटांनी चित्र मोठे करून, पक्ष्याला बाजूला सारत त्या हिरव्यात बराच वेळ शोधत राहतो.

“ह्ये मागचं हिरवं म्हंजे आमचं घनसाळ न्हवं?”

“हो, तुमचंच.”

“मग असं पुसून का टाकलंय?”

“पुसलं नाही, तात्या, तसंच यावं लागतं. पक्षी उठून दिसतो.”

“एवढ्या महागाच्या यंत्रात भात दिसंना? यंदा लोंब्या बघा कशा धरल्यात.” तात्या मोबाइल परत देतात, आणि समोरचा माणूस बाहेरगावचा असून त्याची काही तरी सोय केली पाहिजे हे ध्यानात घेऊन म्हणतात, “उद्या सकाळच्याला या आनि भाताचा चांगला फोटू काढा. पाखरू मधी आलंच तर मी हाकलतो.”